कपाटातला नकाशा

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या शाळेत जगाचा एक नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, खाली आणि वर लाकडी काठी असलेला, निळ्या समुद्राचा असा तो नकाशा. पण तो आम्हांला दिसायचा वर्षातून दोनदाच. एकदा साहेब तपासणीला यायचे तेव्हा, आणि एकदा पंधरा ऑगस्टला, भिंतीचे पोपडे झाकण्यासाठी. एरवी तो गुंडाळून कपाटात ठेवलेला असे. कपाटाला कुलूप असे आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला बांधलेली असे. ‘फाटेल रे, हात लावू नका,’ एवढेच आम्ही जगाविषयी ऐकत आलो होतो!

आज मी एका कॉलेजात इतिहास शिकवतो. मुलांना बाहेरचे जग दाखविण्याचे प्रयत्न मराठी मुलखात कसकसे झाले, याचा विचार करू लागलो की मला तो गुंडाळलेला नकाशा आठवतो. कारण या दोनशे वर्षांच्या हकीकतीत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून येते. नकाशे काढणारी माणसे आपल्याकडे कमी नव्हती. प्रश्न असे तो कपाटाच्या किल्लीचा.

प्रारंभ करू या एकोणिसाव्या शतकापासून. एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, म्हणजे १८१९ ते १८२७ या काळात, मराठी शाळांसाठी छापील पुस्तके तयार करण्याचा उद्योग सुरू झाला. तोवर मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, परवचा म्हणत, मोडी वाचीत आणि हिशेब शिकत. संसाराला पुरेल एवढे ते शिक्षण होते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पृथ्वीच्या पाठीवर आणखी कोणते देश आहेत, तिथली मुले काय खातात, काय खेळतात, हे त्या शिक्षणात नव्हते. सदाशिव काशीनाथ छत्रे, ज्यांना लोक बापू छत्रे म्हणत, त्यांनी १८२८ साली ‘बालमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके मराठीत आणली. परदेशातली पोरे, तिथले कोल्हे-करकोचे मराठी बोलू लागले. मराठी मुलाने उंबऱ्याबाहेर टाकलेले हे पहिले पाऊल म्हणावयास हरकत नाही.

पुढचे पाऊल बाळशास्त्री जांभेकरांचे. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा माणूस १८१२ साली जन्मला आणि १८४६ साली गेला. उणीपुरी चौतीस वर्षे! ‘दर्पण’ हे त्यांचे वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, हे शाळेतले मूलदेखील सांगते. पण १८४० साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ नावाचे मासिक काढले, ते मात्र आपण विसरतो. मराठीतले ते पहिले मासिक. भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान असे विषय त्यात असत. दिग्दर्शन म्हणजे दिशा दाखविणे. याच नावाचे एक मासिक श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी बंगालीत १८१८ साली तरुणांसाठी काढले होते. दोन भाषांना एकच नाव सुचावे, यावरून त्या काळची भूक ओळखावी.

इथे शिक्षकबंधूंना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बाळशास्त्री नुसते मासिक काढून थांबले नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी शाळा तपासण्याचे काम केले आणि शिक्षक तयार करणारा अध्यापकवर्गही चालविला. मासिक छापले की ज्ञान आपोआप पोहोचते, असा भाबडा समज त्यांचा नव्हता. वाचून दाखविणारा मास्तर नसेल तर छापील कागद वाण्याच्या पुडीला जातो, हे ते जाणत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर, साधनाआधी शिक्षक.

त्यानंतरची साखळी लांब आहे, मी तिच्यातल्या काही कड्याच सांगतो. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी ‘आनंद’ मासिक सुरू केले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ रचला. तेवीस खंडांचा हा डोंगर त्यांनी सरकारी पैशावर नव्हे, तर वर्गणीदार गोळा करून उभा केला. स्वातंत्र्यानंतर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९७१ साली, बालभारतीने ‘किशोर’ मासिक काढले. आणि रेडिओ? तो तर होताच. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात रेडिओ ठेवून शालेय कार्यक्रम ऐकलेले शिक्षक या पुस्तिकेच्या वाचकांत असतील. रेडिओची एक थोरवी मला नेहमी वाटत आली आहे. आवाज कपाटात ठेवता येत नाही. खिडकीबाहेर गुरे राखणारा पोरगासुद्धा तो फुकटात ऐकतो.

आता येतो मूळ विषयाकडे, म्हणजे संकेतस्थळांकडे. हा शब्द मोठा गमतीचा आहे, बरं का. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे नायक-नायिकेने गुपचूप भेटण्याची ठरलेली जागा. आपल्या भाषापंडितांनी तो शब्द उचलला आणि इंटरनेटवरच्या ज्ञानाच्या जागेला दिला. एका परीने तो चपखल बसला, कारण इथेही ठरलेला पत्ता माहीत असल्यावाचून भेट होत नाही!

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. पण मराठी मुलाला त्यातून लगेच काही मिळाले नाही. कारण साधे होते. अक्षरे जुळत नव्हती. एका संगणकावर एका ठशात लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की तिथे चौकोन आणि टिंबे दिसत. सर्व संगणकांना समजेल अशी युनिकोड नावाची एकच अक्षरपद्धती रुळली, तेव्हा हा गोंधळ मिटू लागला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. पुढे केतकरांचा ज्ञानकोश संकेतस्थळावर आला, विश्वकोशही आला आणि ‘किशोर’चे जुने अंकदेखील आले. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी तर कमाल केली. काड्यापेटीतल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, रिकाम्या बाटल्या यांपासून विज्ञानाची खेळणी कशी करावी, हे त्यांनी संकेतस्थळावर सचित्र मांडले आणि मुलांची शेकडो पुस्तके, त्यांत मराठीही, कोणालाही मोफत घेता येतील अशी ठेवली. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणाऱ्या या गृहस्थांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

टाकाऊ म्हटले की मुंबईकराच्या तोंडी एकच नाव येते, देवनार. मला आज तुम्हांला तिथेच न्यावयाचे आहे.

मुंबईच्या पूर्व उपनगरातले हे देवनार एके काळी खाडीकाठचे गाव होते. कुर्ल्याहून चेंबूरकडे रेल्वेचा फाटा १९०६ साली गेला तो माणसांसाठी नव्हे, तर शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. लोक त्याला ‘कचरापट्टी’ म्हणत. माणसांची गाडी त्या फाट्यावर धावू लागली ती १९२४ साली. म्हणजे आधी कचरा, मग माणूस! १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा पडू लागला. त्या कचऱ्याच्या डोंगराला लागून पुढे शिवाजीनगर, बैंगणवाडी अशा दाट वस्त्या झाल्या. शहराने जागोजागी उठविलेली आणि दुष्काळाने गाव सोडायला लावलेली माणसे इथे येऊन राहिली.

आणि त्याच देवनारला १९५४ साली टाटा समाजविज्ञान संस्था आली. १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याची शाळा म्हणून निघालेली ही संस्था आज देशभर ओळखली जाते. तिथून थोड्या अंतरावर, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ते १९७४ साली स्थापिले. विज्ञान शाळेत कसे शिकवावे, हाच त्याचा अभ्यासविषय. आरंभीच्या काळात या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यासारख्या ग्रामीण भागात शाळांबरोबर काम केले. मुंबईत महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर केले.

या केंद्राचे पहिले संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. गरीब घरातली मुले विज्ञानात मागे पडतात, ती विज्ञान कठीण म्हणून की पुस्तकाची भाषा कठीण म्हणून? पाठ्यपुस्तकातली जड, संस्कृतप्रचुर वाक्ये सोडवून तोच मजकूर सोप्या भाषेत लिहिला आणि मुलांना दिला. मुलांची समज वाढलेली दिसून आली. विज्ञान तेच, मुले तीच, फक्त भाषा बदललेली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे संशोधन प्रसिद्ध झाले. मित्रहो, माझ्या मते हा या साऱ्या इतिहासाचा कणा आहे. कपाटाला लोखंडी कुलूप असते तसे भाषेचेही असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून अधिक घट्ट असते.

आता पुढची हकीकत ऐका. २०१५ साली देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, अमेरिकेतली एमआयटी ही विद्यासंस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या साहाय्याने, ‘कनेक्टेड लर्निंग इनिशिएटिव्ह’ नावाचा उपक्रम हाती घेतला. थोडक्यात त्याला ‘क्लिक्स’ म्हणत. सरकारी माध्यमिक शाळांतल्या मुलांसाठी इंग्रजी, गणित, विज्ञान आणि संगणकाची ओळख यांचे धडे त्यात तयार झाले. होमी भाभा केंद्रातल्या मंडळींनीही हातभार लावला. खेळातून भूमिती, चंद्राच्या कलांवरून खगोल, असे ते धडे होते. त्यातली खुबी अशी की, खेड्यात इंटरनेट आज आहे तर उद्या नाही, हे ओळखून सारे साहित्य शाळेतल्याच एका संगणकात साठवून ठेवले जाई आणि बाकीचे संगणक त्याला जोडले जात. तार तुटली तरी धडा तुटू नये, ही व्यवस्था. या उपक्रमाला युनेस्कोचे २०१७ चे पारितोषिक मिळाले.

तुम्ही म्हणाल, वा, देवनारच्या मुलांचे भाग्य! तर थांबा. हा उपक्रम ज्या राज्यांत चालला ती राज्ये होती छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगण. धडे झाले हिंदीत, तेलुगूत आणि इंग्रजीत. त्यात महाराष्ट्र नव्हता. दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. जिथे राज्यांशी करार झाले आणि जिथे गरज मोठी दिसली, तिथे काम झाले, आणि दूरच्या मुलांचे भले झाले याचा आनंदच आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला १९७५ साल आठवते. त्या वर्षी उपग्रहावरून खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखविण्याचा ‘साइट’ हा प्रसिद्ध प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी त्यात होती. तेव्हाही त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे साधने आहेत, संस्था आहेत, म्हणून आपण पुढारलेले, असे सगळे धरून चालतात. आणि त्या पुढारलेपणाच्या सावलीत एखादी बैंगणवाडी, एखादा पाडा, एखादी वस्ती राहून जाते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

देवनारचीच आणखी एक गोष्ट. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथल्या कचऱ्याच्या डोंगराला मोठी आग लागली. दिवसचे दिवस धूर कोंडला. आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेचे एक संकेतस्थळ आहे. पृथ्वीवरच्या वादळांची, ज्वालामुखींची, वणव्यांची उपग्रहातून घेतलेली छायाचित्रे त्यावर असतात. त्यावर देवनारच्या या आगीचेही छायाचित्र आले.

काही वर्षांनी मी ते छायाचित्र वर्गात दाखविले. उद्देश एवढाच, की इतिहासाची साधने आता आकाशातूनही मिळतात, हे मुलांना कळावे. पडद्यावर मुंबईचा किनारा, खाडी, आणि त्यावरून निघालेला धुराचा पांढुरका पट्टा. मी इंग्रजी मजकूर वाचून दाखवू लागलो, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, तो धूर आमच्या गल्लीवरून गेला होता. माझा भाऊ तेव्हा तान्हा होता. आईने त्याला ओल्या ओढणीत गुंडाळून रात्र काढली.’

वर्ग गप्प झाला. मीही गप्प झालो. ज्या चित्रात मला एक साधन दिसत होते, त्यात तिला स्वतःचे घर दिसत होते. ती पुढे आली, पडद्यावर बोट ठेवून तिने खाडी दाखविली, वस्ती दाखविली, वारा कुठून कुठे वाहत होता ते सांगितले. वारा त्या दिशेने का वाहतो, असे कोणी विचारले. मग खारे वारे, मतलई वारे, हिवाळ्यात धूर जमिनीलगत का साचून राहतो, इथवर गोष्ट गेली. इतिहासाच्या तासाला भूगोल झाला, आणि तो मी शिकविला नाही. त्या दिवशी ती मुलगी शिक्षक होती.

तेव्हापासून मी माझे मत थोडे बदलले आहे. पूर्वी मला वाटे, मुलाला जग दाखविणे म्हणजे त्याला त्याच्या वस्तीतून उचलून दूर नेणे. आता वाटते, त्याच्या वस्तीपासून जगापर्यंत वाट आहे हे त्याला दाखविणे. ज्या नकाशात आपले गावच नाही, तो नकाशा मूल पाहते आणि विसरते. ज्यात गाव सापडले, त्यातले लंडन-टोकियोही त्याच्या लक्षात राहते.

यावरून शिक्षकबंधुभगिनींना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. उपदेश म्हणून नव्हे, अनुभव म्हणून.

पहिली गोष्ट, संकेतस्थळ उघडण्याआधी प्रश्न उघडा. मुलांना म्हणा, आपल्या ओढ्याचे पाणी शेवटी कुठे जाते? आपल्या गावचा कांदा कोणत्या देशात जातो? मग विश्वकोश उघडा, उपग्रहाचा नकाशा उघडा. प्रश्नावाचून उघडलेले संकेतस्थळ म्हणजे जत्रेतली चित्रपेटी. डोळे दिपतात, हाती काही राहत नाही.

दुसरी गोष्ट, मिळेल ते साठवून ठेवा. करोनाच्या साथीत, २०२० साली, शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर गेले. घरात एक फोन, तो बापाबरोबर कामावर, आणि घरी भावंडे तीन, असे चित्र मी पाहिले आहे. त्या वेळी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली, तिने पुष्कळ घरांना आधार दिला. यातला धडा हा, की एकाच तारेवर भिस्त ठेवू नये. बालभारतीची पुस्तके, ‘किशोर’चे अंक, अरविंद गुप्तांची पुस्तके हे सारे एकदा उतरवून शाळेच्या संगणकात ठेवले की पुन्हा इंटरनेट नसले तरी अडत नाही. पाणी येते तेव्हा हंडे भरून ठेवणे आपल्या बायाबापड्यांना कोणी शिकवावे लागत नाही. तीच रीत इथे.

तिसरी गोष्ट, मुलांना काहीतरी परत द्यायला शिकवा. मराठी विकिपीडियावर तुमच्या गावाविषयी काय आहे ते पाहा. पुष्कळ गावांची नोंद नाही, असली तर दोन ओळींची. गावची नदी, बाजाराचा वार, पिके, जुनी विहीर, यांची खात्री करून, जुनी कागदपत्रे आणि छापील पुस्तके पाहून मुलांनी लिहावे आणि शिक्षकाने तपासावे. केतकरांना तेवीस खंडांसाठी वर्गणीदार शोधत हिंडावे लागले. आज सातवीतला मुलगा ज्ञानकोशात एक खरी ओळ घालू शकतो. हे लहान भाग्य नव्हे.

आणि शेवटी पुन्हा त्या कपाटाविषयी. गेल्या वर्षी कामानिमित्त मी एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही. तिथे संगणकाची छान खोली होती. दहा संगणक, प्रत्येकावर प्लॅस्टिकचे झाकण, झाकणावर धूळ. दाराला कुलूप. मी विचारले, मुले कधी वापरतात? शिपाई म्हणाला, ‘साहेब येतात तेव्हा उघडतो. पोरं बिघडवतील ना!’

मला हसू आले आणि वाईटही वाटले. चाळीस वर्षांत नकाशाचा संगणक झाला, पण ‘फाटेल रे’चे फक्त ‘बिघडेल रे’ झाले. मी तिथल्या मास्तरांना माझ्या शाळेतला तो नकाशा सांगितला. तो एकदाही फाटला नाही. मी सातवी पास होऊन बाहेर पडलो तेव्हा तो नव्यासारखा कोरा होता, आणि आम्हांला मात्र आफ्रिका कुठल्या बाजूला हे सांगता येत नव्हते.

मास्तर भला माणूस. त्यांनी किल्ली मागवली. पोरे आत शिरली. एकाने ओळख नसलेल्या कळफलकावर चाचपडत, एकेक अक्षर शोधून, पहिल्यांदा कोणता शब्द लिहिला असेल? त्याने आपल्या गावाचे नाव लिहिले.

वाचकहो, वस्तू वापराने बिघडते, पण ती दुरुस्त करता येते. मूल मात्र एकदाच सातवीत असते. तुमच्या शाळेत अशी एखादी किल्ली असेल तर ती आज कुणाच्या खिशात आहे, एवढे पाहा.